ओळखीतला सौदा म्हणून कागद मागायचे नाहीत?

"प्रॉपर्टीत लाजाळू माणसाचं काम नाही" असं ठणकावत पाच सूत्रं सांगणारा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. काल तो माझ्या भाचीपर्यंत पोचला. भाड्याने देण्यासाठी पहिलं घर घ्यायचं म्हणून ती वर्षभर अभ्यास करतेय. रात्री फोन आला, "मावशी, मला चारचौघांत बोलता येत नाही. सोडूनच देऊ का हे?"

रोज दहा अनोळखी लोकांना फोन करा, हे पहिलं सूत्र. दहा फोनांत एकही धड बोलणं होत नाही. आठवड्यात एक भेट पुरे. दुसरं सूत्र, अनुभवी असल्याचं भासवा. एजंटने "कर्ज मंजूर झालंय का?" एवढं विचारलं तरी ते सोंग उघडं पडतं. "मी नवीन आहे" म्हणणाऱ्याला निदान कोणी समजावून तरी सांगतं.

तिसरं सूत्र म्हणे, घट्ट मैत्रीशिवाय सौदा कळत नाही. जाहिरातीआधीच काही घरं विकली जातात, हे खरं आहे, तेवढं मान्य करते. पण समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली काय दाखवलं? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम 17 टक्के लोकांना ती खबर वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. अभ्यास नोकऱ्यांचा आहे, पण कारण इथेही तेच: जवळच्यांना बहुधा आपल्याला ठाऊक असतं तेच ठाऊक असतं. म्हणजे कर्जाचं काम बघणारा, ठेकेदार, वकील अशा चार जणांशी जुजबी ओळख असली तरी चालतं, आणि ती लाजाळू माणसालाही ठेवता येते.

माझं डोकं फिरलं ते चौथ्या सूत्राने. "ओळखीतल्या सौद्यात कागद मागू नका, संबंध बिघडतात, टोकन लगेच द्या." हा सल्ला लाजाळू माणसाला देणं म्हणजे त्याला खड्ड्यात ढकलणं आहे. त्याला मुळात 'नाही' म्हणणंच जड जातं. समोरचा ओळखीचा असला की मालकी कोणाची, घरावर बोजा आहे का, वारस किती, यातलं काहीच तो विचारत नाही. ओळखीचा माणूस प्रामाणिक असेलही, पण त्याने स्वतः तरी कागद पाहिलेत का? अमेरिकेतल्या बर्नार्ड मॅडॉफचा गुंतवणूक घोटाळा 2008 मध्ये फुटला, तेव्हा ओळखीच्यांच्या शब्दावर पैसे गुंतवलेले कितीतरी जण बुडाले, आणि शब्द देणारेही. भाचीकडून मी एकच वाक्य पाठ करून घेतलंय: "कागद वकिलांना दाखवते, मग सांगते." एवढ्याने जो रागावेल, त्याच्याशी व्यवहार करायचाच नाही.

पाचवं सूत्र, फी भरून 'आतल्या' ग्रुपमध्ये शिरा. फी घेणाऱ्याची कमाई घरांतून होते की फीमधून, हे आधी विचारा.

भाची शनिवारी एका घरमालकीणबाईंना भेटणार आहे, एकटीच. तीन प्रश्न लिहून ठेवलेत. पहिला: घर रिकामं होतं तेव्हा हप्ते कसे भरलेत?