गणपतआबा हरले होते, आणि ते सांगायलाच हवं

माझी पुतणी आठवीत आहे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी तिनं भाषण लिहिलं आणि वही माझ्याकडे आणून दिली. विषय होता सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे आमदार गणपतराव देशमुख, म्हणजे आमचे आबा. पहिल्याच ओळीत ‘अपराजित’ हा शब्द होता आणि त्याखाली लाल शाईनं दोन रेघा. कुठून घेतलंस म्हणून विचारलं तर मामाच्या मेसेजमधून म्हणाली. तोच मेसेज गेल्या महिन्यात मला चार ठिकाणांहून आला होता, एकदा तर पंढरपूरच्या एका निवृत्त शिक्षकांकडून. तेव्हा वाचून सोडून दिला, ती माझी चूक झाली. आता पोर तो पाठ करून स्टेजवर म्हणणार आहे, म्हणून लिहितोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: आबा सलग 55 वर्षं आमदार होते, एकही निवडणूक हरले नाहीत, मंत्रिपदाला कधी शिवले नाहीत, 11 वेळा निवडून येण्याचा जागतिक विक्रम त्यांच्या नावावर आहे, घरातल्या कुणाला राजकारणात आणलं नाही, आणि हे सगळं फक्त साधेपणामुळे घडलं.

सगळ्यात आधी ते ‘एकही निवडणूक हरले नाहीत’. हे वाचून माझ्या डोक्यात तिडीक जाते. आबा दोनदा हरले. 1962 आणि 1967 ला जिंकले, 1972 ला पडले, 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. मग 1978, 1980, 1985, 1990. आणि 1995 ला काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांकडून हरले, 192 मतांनी. हो, तेच शहाजीबापू, ज्यांची झाडी आणि डोंगर पुढे सगळ्या महाराष्ट्रानं ऐकले. निवडणूक आयोगाचे त्या वर्षाचे निकाल कुणालाही उघडून बघता येतात, मतदारसंघ सांगोला. दोन मिनिटांचं काम आहे.

मला ते बघायची गरज पडत नाही, कारण तो आकडा आमच्या घरात आला होता. माझे वडील लाल बावट्याचे, म्हणजे आबांच्या शेतकरी कामगार पक्षाचे. मतमोजणीच्या रात्री ते उशिरा परतले. आईनं ताट वाढलं, पण ते हात न धुताच ओट्यावर बसून राहिले. मग बोटं मोजायला लागले. अमक्याच्या घरातली सहा, वरच्या वस्तीवरची अकरा, ऊसतोडीहून परत न आलेली चौदा. असं मोजत मोजत ते 192 पर्यंत गेले, आणि मग म्हणाले, ‘एवढी तर आपल्या वाडीतच होती.’ पुढची साडेचार वर्षं ते वाडीवस्तीवर फिरत होते. आबा स्वतः फिरत होते, वय सत्तरीच्या घरात असताना. 1999 ला आबा परत निवडून आले. त्यानंतर 2004, 2009, 2014.

‘अपराजित’ म्हणताना ही साडेचार वर्षं पुसली जातात. ज्या माणसाला लोकांनी घरी बसवलं आणि तो लोकांकडेच परत गेला, त्याची ही सगळ्यात मोठी कमाई होती. तीच काढून घेऊन वर म्हणायचं, बघा, आम्ही त्यांचा गौरव करतोय.

‘सलग 55 वर्षं’ याचा हिशेब यातच आला. दहा, मग एकवीस, मग वीस. बेरीज 51 च्या आसपास जाते, पण सलग नाही.

मंत्रिपदाचं तर आणखी वाईट आहे. 1978 च्या पुलोद, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात शरद पवार मुख्यमंत्री होते आणि आबा मंत्री होते. 1999 ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळातही होते. यात लपवण्यासारखं काय आहे? रोजगार हमीचा कायदा 1977 चा, तो अमलात आला जानेवारी 1979 मध्ये, म्हणजे आबा मंत्रिमंडळात असताना. आमच्या तालुक्यातल्या बायाबापड्यांनी दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडून चूल पेटवली. ज्यांनी आयुष्य त्या प्रश्नावर घालवलं, त्यांना सत्तेची ॲलर्जी होती असं सांगणं म्हणजे पोरांना शिकवणं की चांगल्या माणसानं सत्तेच्या खुर्चीपासून लांबच राहावं. मग त्या खुर्चीवर बसायचं कुणी?

जागतिक विक्रमाचं एका दमात सांगतो. करुणानिधी 13 वेळा आमदार झाले आणि एकदाही हरले नाहीत. केरळचे के. एम. मणी एकट्या पाला मतदारसंघातून 13 वेळा निवडून आले. ओमन चंडी पुतुपल्लीतून 12 वेळा. महाराष्ट्रात मात्र 11 वेळा निवडून आलेला दुसरा आमदार नाही, आणि तेही एकच मतदारसंघ, एकच पक्ष न सोडता. शेतकरी कामगार पक्षाची राज्यभर पडझड होत असताना त्यांनी तो झेंडा खाली ठेवला नाही. एवढं खरं पुरेसं असताना खोटं कशाला जोडायचं?

घराण्याच्या बाबतीत अर्धं मान्य करतो. ते स्वतः निवडणूक लढवत होते तोवर घरातला कुणी पुढे आला नाही, हे खरंय. पण 2019 ला ते थांबले आणि नातू अनिकेत उभा राहिला. तोही शहाजीबापूंकडून 768 मतांनी पडला. 2021 च्या जुलैत आबा गेले. 2024 ला दुसरे नातू, डॉक्टर बाबासाहेब, निवडून आले. यात चूक की बरोबर यावर वाद घाला, पण घडलंच नाही असं म्हणू नका.

राहिला साधेपणा. एसटीनं यायचे, हे खरं. आमच्याकडच्या शंभर माणसांनी ते बघितलंय. पण नुसत्या एसटीच्या तिकिटावर कुणी 11 वेळा निवडून येत नाही. जिथं कापूस पिकत नाही अशा तालुक्यात त्यांनी सहकारी सूतगिरणी उभी करून चालवून दाखवली. कृष्णेच्या पाण्यासाठी स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींबरोबर दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा घेतल्या, वर्षानुवर्षं. आज सांगोल्याचं डाळिंब परदेशात जातं, त्याच्या मागे पाण्यासाठी झालेलं ते भांडण आहे. मेसेजमध्ये पाण्याचा ‘प’ सुद्धा नाही.

हे सगळं पुतणीला सांगितलं तर ती थोडी हिरमुसली. म्हणाली, ‘काका, हरले म्हणून सांगितलं तर टाळ्या कशा पडतील?’ मी म्हटलं, आधी आजोबांना विचार. वडील आता ऐंशीच्या पुढे आहेत, नीट ऐकू येत नाही. तिनं कानाशी जाऊन विचारलं, ‘आबा कितीनं हरले होते?’ त्यांनी एक सेकंद लावला नाही. तिनं वहीत ‘अपराजित’ खोडलं आणि वर आकडा लिहिला: 192. मामाला त्याच पानाचा फोटो पाठवलाय.