ओझर मिगची पोरं

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये हवाई दलाने मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप दिला, आणि आम्हा ओझरच्या जुन्या मित्रांत भांडण पेटलं. एक म्हणाला, 'उडती शवपेटी गेली एकदाची.' दुसऱ्याने त्याला कृतघ्न ठरवलं. मी इंग्लंडात, लिंकनशरमध्ये बसून दोघांचं वाचत होतो आणि मला दोघांचाही राग येत होता.

आमच्या गावाला सगळे 'ओझर मिग'च म्हणायचे. वडील तिथल्या एचएएलच्या मिग बनवणाऱ्या कारखान्यात फिटर. नवं विमान चाचणीसाठी द्राक्षबागांवरून उठलं की मास्तर फळ्यापाशी खडू धरून थांबायचे, कारण पुढचं काही ऐकूच यायचं नाही. मिराज-२००० हे फ्रेंच लढाऊ विमान आपल्याकडे १९८५ मध्ये आलं. देखणंच होतं ते. वर्गातली निम्मी पोरं तिकडे गेली आणि मधल्या सुट्टीत हातघाईपर्यंत वाद व्हायचे. मी मिग-२१ सोडलं नाही. नाकातच हवा ओढणारं तोंड, त्यात मधोमध सुळका, त्रिकोणी पंख. शिवाय वडिलांचा हात लागलेलं विमान, याहून मोठा मुद्दा मला सुचत नसे.

इथे इंग्लंडात आल्यावर ब्रंटिंगथॉर्पच्या जुन्या धावपट्टीवर इंग्लिश इलेक्ट्रिक लायटनिंग हे ब्रिटिश लढाऊ विमान पाहिलं आणि जागीच थांबलो. त्याच पिढीचं, तसंच नाकात तोंड, तसाच सुळका. इंजिनं मात्र दोन, एकावर एक. निवृत्त माणसं सुट्टीच्या दिवशी येऊन ते जपतात. त्यातल्या एका आजोबांनी मला शिडीवरून कॉकपिट दाखवलं आणि त्याच दमात लायटनिंगच्या अपघातांबद्दलही सांगितलं. आवाज खाली न आणता. प्रेमाला त्याने काही कमीपणा आला असं त्यांना वाटलं नाही.

लायटनिंग १९६० मध्ये सेवेत आलं, १९८८ मध्ये निवृत्त झालं. मिग-२१ आपण १९६३ पासून बासष्ट वर्षं उडवलं. मधे सुधारणा झाल्या, शेवटचं बायसन पहिल्या मिगपेक्षा खूप वेगळं होतं, हे मान्य. पण त्याची जागा घ्यायच्या देशी तेजसला मंजुरी मिळाली १९८३ मध्ये, पहिलं उड्डाण २००१ मध्ये, आणि पहिली स्क्वाड्रन उभी राहिली २०१६ मध्ये. तोवर किरणसारख्या मंद प्रशिक्षण विमानावरून आलेल्या तरुणांना ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने उतरणारं मिग हाती मिळत होतं. मधली पायरी असलेलं हॉक हे वेगवान प्रशिक्षण विमान २००८ मध्ये सेवेत आलं. संसदेत २०१२ मध्ये सांगितलेला आकडा असा: सगळ्या प्रकारच्या मिळून ८७२ मिगपैकी ४८२ अपघातात गेली, १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मेले.

फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ सप्टेंबर २००१ मध्ये सुरतगडहून मिग-२१ घेऊन उडाले ते परतले नाहीत. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी त्यानंतर वैमानिकांच्या सुरक्षिततेसाठी वर्षानुवर्षं लढा दिला. त्यांना कुणी कृतघ्न म्हणेल का?

म्हणून 'शवपेटी' हा शब्द मला खुपतो. त्यात सगळा दोष विमानावर जातो, ते जोडणाऱ्या हातांवर जातो, आणि तीस वर्षं निर्णय लांबवणारे मोकळे सुटतात. 'कृतघ्न' हा शब्द त्याहून वाईट, कारण तो मेलेल्यांच्या आईबापांचं तोंड बंद करतो.

इथल्या कॉनिंग्सबी हवाई तळाच्या कुंपणाशी मुलं खांद्यावर बसून टायफून लढाऊ विमानं बघतात, कुणी हटकत नाही. ओझरला एक निवृत्त मिग-२१ शिडी लावून शाळेच्या पोरांसाठी उघडं ठेवावं, आणि शेजारी त्या १७१ जणांची नावं असावीत. दोन्ही एकाच जागी.

१७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरला बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए, म्हणजे तेजसची सुधारित आवृत्ती, तिथूनच उडालं. वडील गच्चीत होते. संध्याकाळी फोनवर म्हणाले, "आवाज वेगळा आहे रे याचा." मी विचारलं, "दलाला कधी मिळणार, बाबा?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आम्हीही हेच विचारायचो."