त्याला काही कळत नाही म्हणे!

आज फार चिडलेय. टाइप करताना चुका होतील, समजून घ्या. (त्या मुलाच्या आईला विचारूनच लिहितेय.)

दुपारी एका मैत्रिणीला भेटायला गेले होते. परवा तिचे वडील गेले. घरात माणसं, कुजबुज, आणि दाराशी तिचा पाच वर्षांचा मुलगा बूट घालून बसलेला. तेही उलट्या पायांत. कुणीतरी त्याला सांगून ठेवलेलं, आजोबा फिरायला गेलेत. आजोबा रोज त्याला घेऊन जायचे. आज एकटेच कसे गेले हे कोडं, पण आले की लगेच निघता यावं म्हणून हा सकाळपासून तयार. एक बाई कौतुकानं म्हणाल्या, "किती गोड! लहान आहे, त्याला काही कळत नाही."

कळत नाही? आपण खोलीत शिरलो की मोठी माणसं बोलायची थांबतात, हे कळत नाही? आई नळ सोडून रडते, हे कळत नाही? सगळं कळतं. फक्त त्याचा अर्थ सांगायला कुणी नसतं, मग मुलं तो स्वतःच लावतात. आणि तो आपल्या सत्यापेक्षा भयंकर असतो.

मी सहा वर्षांची असताना आजी गेली. आईची आई. मला सांगितलं, "आजी झोपलीय." कधी उठेल विचारलं, तर "आता नाही उठायची, शांत झोप लागलीय." विषय संपला. त्यानंतर कित्येक महिने मी रात्री उठून आईच्या नाकाशी बोट धरायचे. श्वास लागला की आडवी व्हायचे. थोड्या वेळानं पुन्हा बोट. आईला वाटलं मला जंत झालेत म्हणून झोप लागत नाही. औषधही पाजलं!

मुलं शब्द जसाच्या तसा उचलतात हो. "झोपले" म्हणालात की अंथरुणाची भीती. "गावाला गेले" म्हणालात की बाबा बॅग भरायला लागले तरी पोटात गोळा. "आजारी होते म्हणून गेले" एवढंच म्हणालात की पुढची प्रत्येक सर्दी जीवघेणी. तिथे सांगायलाच हवं की तो फार फार मोठा आजार होता, तुला होतो तसला नाही. आणि "मेले" हा शब्द उच्चारायचा. कडू लागतो, माहितीये. पण शरीर बंद पडलं, आता त्यांना श्वास नाही, भूक नाही, दुखत नाही, ते परत येणार नाहीत, एवढं पाच वर्षांच्या मुलाला सांगता येतं. पुढे देवाघर, चांदणी, तुमची जी श्रद्धा असेल ती जोडा. आधी हे.

आणि हो, सगळंच सांगायचं नसतं, मान्य. चार वर्षांच्या पोरापुढे रिपोर्ट उघडून बसा असं कोण म्हणतंय? विचारलं तेवढंच सांगा. पण खोटं नको.

अमेरिकेत 'सेसमी स्ट्रीट' या लहान मुलांच्या कार्यक्रमात दुकानदार आजोबांचं काम करणारे नट वारले. ते निवृत्त झाले, दुसरीकडे राहायला गेले, असं काहीही दाखवता आलं असतं. त्यांनी १९८३ मध्ये एक भागच केला. त्यात कार्यक्रमातला मोठा पिवळा पक्षी, म्हणजे बाहुलीच, सगळ्यांसाठी काढलेली चित्रं घेऊन येतो, आजोबांचं चित्र उरतं, आणि मोठी माणसं त्याला सांगतात, ते आता परत येणार नाहीत. बाहुल्यांच्या कार्यक्रमाला जमतं, आपल्याला चार भिंतींत जमत नाही.

आणखी एक, जे मी पस्तिशीपर्यंत कुणाला बोलले नव्हते. आजी जायच्या आदल्या दिवशी मी तिच्यावर चिडून "कध्धीच बोलणार नाही तुझ्याशी" म्हटलं होतं. म्हणजे ती माझ्यामुळेच झोपली. त्या वयात असंच वाटतं, आपल्या मनात आलं म्हणून घडलं. आई-बाबा वेगळे होतात तेव्हाही पोर हेच धरून बसतं, मी हट्ट केला म्हणून बाबा गेले. "तुझ्यामुळे नाही झालं" हे न विचारताच सांगायचं असतं, कारण हा प्रश्न ते कधीच विचारत नाही.

आता लिहिता लिहिता हिशोब केला. आई तेव्हा एकतीस वर्षांची होती. तिची स्वतःची आई गेली होती, आणि समोर मी, कधी उठेल, कधी उठेल. काय सांगणार होती ती? तिला तरी कुणी कधी सांगितलं होतं?

आणि खरं सांगू? आज मी तरी काय केलं? त्या मुलानं माझा हात धरून विचारलं, "मावशी, आजोबा कधी येणार?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी, जी इथे एवढी बडबडतेय, ती म्हणाले, "अरे, बूट उलटे घातलेस!" खाली वाकले, बूट सरळ करून दिले आणि घरी निघून आले. चीड त्या बाईंची नव्हतीच बहुतेक.

संध्याकाळी मैत्रिणीला फोन केला. काय शब्द वापरायचे ते दोघींनी मिळून ठरवलं. तासाभरानं तिचा फोन आला. सांगितलं म्हणे. तो ऐकत होता. मग विचारलं, "त्यांचा चष्मा कुणाला?" आणि गाड्या खेळायला गेला. घरातले लगेच, "बघ, त्याला काही वाटलंसुद्धा नाही." वाटतं हो. थोडं रडायचं, मध्येच खेळायचं, पुन्हा आठवायचं, ती अशीच दुःख करतात. दहा मिनिटांनी परत आला, "पण उद्या येतील ना?" तिनं पुन्हा तेच सांगितलं. अजून शंभरदा सांगावं लागेल बहुधा.

बूट मात्र काढले त्यानं.

फोन ठेवताना तिला एकच सांगितलं. आज रात्री झोपेत नाकाशी काही वळवळलं तर दचकू नकोस, त्याचं बोट असेल. डोळे उघड आणि म्हण, आहे मी, जागीच आहे.