शिकारीचा बंगला आणि दाजीपूरचे गवे

संस्थानी शिकारी बंगल्यांची हॉटेलं होताहेत म्हणून एका लेखात लेखकानं गळा काढलाय. पण बंगल्याभोवतीच्या रानाचं काय झालं, यावर लेखात एक ओळ नाही. आमच्या कोल्हापूरचंच बघा. दाजीपूरचं जंगल म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींचं राखीव शिकारीचं रान. तिथं 1958 साली गव्यांसाठी अभयारण्य झालं, राज्यातलं पहिलं. 1985 मध्ये त्याची हद्द वाढून राधानगरी अभयारण्य झालं, सुमारे 351 चौरस किलोमीटर. 2012 ला पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीतही गेलं. राजांसाठी राखलं म्हणून रान टिकलं, हे कडू असलं तरी खरं आहे. (रयतेला तिथं लाकूड तोडायला मज्जाव असणार, तेही लिहा की राव!)

शाहू महाराजांच्या काळात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार व्हायची. कोल्हापुरातल्या न्यू पॅलेस राजवाड्याच्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं काचेआडून अजून डोळे वटारून बघतात. पोरं तिथनं हलत नाहीत.

शिकारी बंगल्याचं हॉटेल झालं तर होऊ दे, निदान छप्पर तरी गळायचं नाही. फक्त दारात एक मराठी पाटी लावा: कुणी बांधला, कधी, कशासाठी. राधानगरीच्या संस्थानकाळातल्या हत्तीमहालापाशी आलेला पर्यटक सेल्फी काढून धरणाकडं सुटतो, त्याला सांगायला कोण बसलंय?