व्हॉल्व्ह बदलल्यावर अंडं बंद? तो मेसेज चुकीचा आहे

‘हृदयाचा व्हॉल्व्ह (झडप) बदलल्यावर अंडं खाल्लं की रक्त गोठतं, व्हॉल्व्ह जाम होतो’ असा मेसेज इंदूरच्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. ते खरं नाही.

गोंधळ बहुधा व्हिटॅमिन केचा. मेकॅनिकल (धातू-कार्बनच्या कृत्रिम) व्हॉल्व्हवाल्यांना वॉरफेरिन किंवा एसिट्रोम ही रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि व्हिटॅमिन के त्या गोळीचा असर कमी करतं. पण अंड्यात ते अगदी थोडं; 100 ग्रॅम शिजलेल्या पालकात मात्र 400 मायक्रोग्रॅमहून जास्त. पालेभाजीही बंद करायची नाही, प्रमाण सारखं ठेवायचं. एरवी आठवड्यातून दोनदा आणि थंडीत मेथी स्वस्त म्हणून रोज, असं झालं की आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा तपासणीतला आकडा) घसरतो. एकदम सोडली तर वाढतो, मग हिरड्यांतून रक्त येतं.

एका अंड्यातली साधारण 6 ग्रॅम प्रथिनं ऑपरेशननंतर छातीचं हाड आणि जखम भरताना उपयोगीच. फक्त 10-12 मिनिटं उकडा, बलक कच्चा नको. जंतुसंसर्ग या रुग्णांना महागात पडतो. मधुमेह किंवा कोलेस्टेरॉल असेल तर बलक किती, हे डॉक्टरांना विचारा.

तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय त्यांना हा खुलासा पाठवा.