पूल गुळावर उभा राहत नाही

प्रतापगडाच्या पायथ्याशी, पार गावाजवळ कोयनेवर शिवकाळातला दगडी पूल आहे. अशा पुलांच्या फोटोंखाली एक मजकूर सतत फिरतो : चुन्यात गूळ, अंडी, उडीद घातल्यामुळे जुने पूल शेकडो वर्षं हलले नाहीत, ती विद्या आपण हरवली, म्हणून आजचे सिमेंटचे पूल पडतात. पारच्या पुलाचा मलाही अभिमान आहे, आणि म्हणूनच हा मजकूर खोडायला हवा.

‘चुन्याने दगड धरून ठेवले.’ कमानीतले दगड चिकटवलेले नसतात, एकमेकांत अडकलेले असतात. प्रत्येक दगड पाचरीसारखा घडवतात, वर रुंद, खाली निमुळता. लाकडी साच्यावर दोन्ही बाजूंनी रचत आणतात, मधला शेवटचा दगड ठोकून बसवतात आणि मग साचा काढतात. दगड स्वतःच्या वजनाने शेजाऱ्यावर रेलतो आणि सगळा रेटा खांबांत, काठांत उतरतो. चुन्याचं काम सांध्यातली पोकळी भरून दाब सारखा पसरवायचं आणि पाणी अडवायचं. स्पेनमधल्या सेगोव्हियाच्या रोमन जलवाहिनीच्या कमानींत तर चुना नाहीच. ग्रॅनाइटचे दगड नुसते एकमेकांवर बसलेत.

‘ती विद्या हरवली.’ नाही हरवली. चुन्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालायची रीत खरी आहे आणि जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत ती आजही वापरतात. पण खरी मेहनत दळण्यात होती. कितीतरी गडांवर चुन्याचा घाणा दिसतो : दगडी गोल चर आणि त्यात फिरणारं जड दगडी चाक. बैल जुंपून चुना लोण्यासारखा होईपर्यंत मळायचा. ते कष्ट सोडून आपण गुळाचं कौतुक करत बसतो.

‘जुने पूल पडत नाहीत.’ हे वाक्य सगळ्यात घातक. कोयना आणि सावित्री दोघींचा उगम महाबळेश्वरचाच. सावित्रीवर महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गाचा 1928 सालचा दगडी कमानींचा पूल होता. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात तो कोसळला आणि दोन एसटी बस प्रवाशांसकट वाहून गेल्या. शेजारचा नवा पूल मात्र तसाच उभा राहिला. फ्रान्समध्ये अविन्योंच्या जुन्या पुलाच्या 22 कमानींपैकी आज 4 उरल्यात. पडलेल्या पुलांचे फोटो कोणी पाठवत नाही, एवढंच.

नदी पुलाला वरून नाही, बुडातून खाते. पुराचं पाणी खांबाला आपटून भोवरा धरतं आणि पायाखालची वाळू-खडी उपसून नेतं. पाया उघडा पडला की वर गूळ असो की सिमेंट, फरक पडत नाही.

मजकुरातल्या सिमेंटच्या तक्रारीत एक गोष्ट मात्र खरी आहे. काँक्रीटमधलं लोखंड गंजतं, फुगतं, काँक्रीट फोडतं. दगडी कमानीत लोखंडच नसतं. पण तिला जाड खांब एकमेकांच्या जवळ लागतात आणि तेच पुरात पाणी तुंबवतात.

‘याला काही होत नाही’ म्हणत आपण सांध्यात उगवलेला पिंपळ वाढू देतो. कुणी चुन्याचे सांधे सिमेंटने लिंपतं आणि आत शिरलेल्या पाण्याची बाहेरची वाट बंद करतं. पारला गेलात तर उन्हाळ्यात जा, फोटो झाला की पात्रात उतरा आणि खांबांच्या बुडाशी दगड निसटलाय का ते बघा.