‘सर्व्हिस म्हणजे मधला सर्व्हर’ या मेसेजला उत्तर

डेव्हऑप्स, म्हणजे सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवणं आणि चालतं ठेवणं, शिकणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. लातूर, नांदेड, परभणी, संभाजीनगर, कुठलाही ग्रुप उघडा, तो आहेच. ‘कुबरनेटीस सर्व्हिस पाच ओळींत’. (कुबरनेटीस म्हणजे अनेक मशीनवर अ‍ॅप्लिकेशन चालवणारी आणि सांभाळणारी प्रणाली, पॉड म्हणजे त्यातली अ‍ॅप्लिकेशनची एक चालती प्रत, आणि सर्व्हिस म्हणजे अशा पॉडच्या गटाला दिलेला एक पत्ता.) त्या ओळी अशा : सर्व्हिस म्हणजे पॉडच्या पुढे उभा असलेला छोटा सर्व्हर, सगळा ट्रॅफिक त्यातून जातो. ती प्रत्येक रिक्वेस्ट सगळ्या पॉडना सारखी वाटते. पॉड मेला की तिला त्याच क्षणी कळतं. ती चालू आहे का हे पिंग करून बघावं. बाहेरून उघडायची असेल तर टाइप लोडबॅलन्सर लिहिलं की झालं.

पाचही ओळी चुकीच्या आहेत. आपली पोरं हे पाठ करून पुण्याला इंटरव्ह्यूला जातात, ते एक वेळ परवडलं. पण नोकरी लागल्यावर हेच डोक्यात ठेवून ती रात्री-अपरात्री बिघाड शोधतात, आणि भलत्याच ठिकाणी शोधतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिली ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण बाकीच्या चुका तिच्यातूनच निघतात. ती वाचली की डोळ्यांपुढे असं चित्र येतं : मोंढ्याच्या फाटकात एक मुनीम बसलाय आणि प्रत्येक गाडी त्याला विचारूनच पुढे जातेय. असा मुनीम कुबरनेटीसमध्ये नाहीच. मोंढ्याकडे येणाऱ्या प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी एकच यादी चिकटवलेली आहे, आणि गाडी निघतानाच ती वाचून थेट दुकानाकडे वळते.

तुम्ही सर्व्हिस तयार करता तेव्हा एक नोंद होते आणि तिला एक आयपी मिळतो. क्लस्टर, म्हणजे एकत्र चालणाऱ्या मशीनचा संच, कुबेअ‍ॅडम या साधनाने उभा केला असेल आणि काही बदललं नसेल, तर तो १०.९६.०.०/१२ या पट्ट्यातला असतो. तो पत्ता कुठल्याही मशीनचा नसतो. प्रत्येक नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या प्रत्येक मशीनवर, क्यूब-प्रॉक्सी नावाचा प्रोग्रॅम ती नोंद पाहत बसलेला असतो आणि लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) नियम लिहितो : या आयपीच्या या पोर्टकडे निघालेलं पॅकेट या पॉडपैकी एकाकडे वळव. पॅकेट ज्या नोडवरून निघतं तिथेच त्याचा पत्ता बदलतो. क्यूब-प्रॉक्सी फक्त नियम लिहितो, पॅकेटला हात लावत नाही. चाचणीच्या क्लस्टरवर तो बंद करून बघा : जुन्या सर्व्हिस चालूच राहतात, फक्त पॉड बदलले तर नियम जुनेच राहतात. सिलियमसारखी साधनं तर क्यूब-प्रॉक्सीशिवायच हे काम ईबीपीएफने, म्हणजे कर्नलच्या आत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने, करू शकतात.

मेसेज लिहिणाऱ्याने हे मनानंच रचलं असेल असं मला वाटत नाही. सुरुवातीच्या काळात खरोखरच प्रत्येक कनेक्शन क्यूब-प्रॉक्सीच्या आतून जायचं. २०१६ साली, कुबरनेटीसच्या १.२ आवृत्तीपासून, आयपीटेबल्सची पद्धत (वर सांगितलेली, कर्नलमध्ये नियम लिहिण्याची) मूळ सेटिंग झाली, आणि १.२६ मध्ये ती जुनी पद्धत काढूनच टाकली. म्हणजे ही ओळ कधीकाळी खरी होती. आज ती शिकवणं म्हणजे बंद पडलेल्या रस्त्याचा नकाशा हातात देणं आहे.

आता ‘सारखी वाटते’ या ओळीकडे. मला स्वतःला याच ओळीने सगळ्यात जास्त फसवलंय. तीन पॉड असतील तर आयपीटेबल्समध्ये एकाखाली एक तीन नियम असतात. पहिल्यावर शक्यता ०.३३३, दुसऱ्यावर ०.५, तिसऱ्यावर काहीच अट नाही. पोरं म्हणतात, मग दुसऱ्याला जास्त मिळणार. हिशोब करा : पहिला एक तृतीयांश उचलतो, उरलेल्या दोन तृतीयांशांतला अर्धा दुसरा घेतो, राहिलेलं सगळं तिसऱ्याला. प्रत्येकाला एक तृतीयांशच. पण ही वाटणी कनेक्शनची आहे, रिक्वेस्टची नाही. एकदा कनेक्शन एका पॉडशी जुळलं की ते तुटेपर्यंत त्यावरची प्रत्येक रिक्वेस्ट त्याच पॉडकडे जाते. कर्नल ती जोडी लक्षात ठेवतो.

आम्ही एका आडत व्यापाऱ्याचं सॉफ्टवेअर चालवायचो. भुईकाट्यावरचं वजन एका प्रोग्रॅमकडून पावतीच्या सर्व्हिसकडे जायचं, जीआरपीसीवरून (दोन प्रोग्रॅमनी नेटवर्कवरून बोलायची एक पद्धत). दिवाळीनंतर सोयाबीनची आवक वाढली आणि पावत्या रखडायला लागल्या. काट्यावर गाड्यांची रांग लागली, मापाडी फोनवर फोन करत होते. बघतो तर तीन पॉडपैकी एकाचा सीपीयू पूर्ण भरलेला आणि दोन जवळपास रिकामे. आम्ही सहा पॉड केले. फरक शून्य, पाच रिकामे. जीआरपीसी एकच कनेक्शन तासन्‌तास उघडं ठेवतो, आणि आमचा पाठवणारा प्रोग्रॅम एकच होता. मग सहा काय, साठ पॉड लावले असते तरी काम एकाच्याच माथी पडलं असतं.

उपाय दोन प्रकारचे आहेत. सर्व्हिस हेडलेस करायची, म्हणजे क्लस्टरआयपीच्या जागी ‘None’ लिहायचं; मग डीएनएस एका आयपीऐवजी सगळ्या तयार पॉडचे पत्ते देतं आणि पाठवणारा प्रोग्रॅम स्वतः आळीपाळीने पाठवतो. आम्ही तेच केलं, आणि सर्व्हरच्या बाजूने कनेक्शनला वयाची मर्यादा घातली, म्हणजे नवे पॉड आले की तेही वाटणीत येतात. प्रत्येक रिक्वेस्ट वेगळी ओळखणारा एन्व्हॉय किंवा लिंकरडीसारखा प्रॉक्सी मधोमध बसवणं हा दुसरा रस्ता.

तिसरी ओळ : पॉड मेला की त्याच क्षणी कळतं. सर्व्हिस कुणाचीच तब्येत विचारत नाही. ते काम प्रत्येक नोडवरचा क्यूबलेट हा प्रोग्रॅम रेडीनेस प्रोबने, म्हणजे ‘तू तयार आहेस का’ या ठरावीक तपासणीने, करतो. मूळ सेटिंगप्रमाणे दर १० सेकंदांनी एक तपासणी, आणि सलग ३ वेळा नापास झाल्यावर पॉड ‘तयार नाही’ ठरतो. म्हणजे अडकलेल्या पॉडकडे अर्धा मिनिट माणसं जातच राहू शकतात. प्रोब लिहिलाच नसेल तर कंटेनर सुरू झाला की तो तयार समजला जातो, आत जावाचं अ‍ॅप्लिकेशन अजून उठत असलं तरी. नवी आवृत्ती टाकतानाही हेच : पॉडला बंद व्हायचा सिग्नल आणि यादीतून नाव काढणं ही कामं एकाच वेळी सुरू होतात, एकामागे एक नाही. म्हणून प्रीस्टॉपमध्ये, म्हणजे बंद होण्याआधीच्या पायरीत, काही सेकंद थांबायला लावतात. हे केलं नाही तर प्रत्येक डिप्लॉयमेंटला थोड्या लोकांना एरर दिसते आणि ती का आली ते कुणालाच सापडत नाही.

पिंगचं थोडक्यात. आयपीटेबल्सच्या पद्धतीत तो आयपी कुणाचाच नाही आणि नियम पोर्टपुरते आहेत, त्यामुळे सर्व्हिस ठणठणीत असूनही पिंगला उत्तर येत नाही. आयपीव्हीएस या क्यूब-प्रॉक्सीच्या दुसऱ्या पद्धतीत तोच आयपी नोडवरच्या एका नावापुरत्या इंटरफेसवर टाकलेला असतो, त्यामुळे सगळे पॉड मेले तरी पिंगला उत्तर येतं. पिंगवरून काहीच ठरत नाही. कर्ल ही कमांड वापरा, पोर्टसकट.

आणि टाइप लोडबॅलन्सर हे फक्त मागणं आहे. ते पुरवणारा कुणीतरी लागतो. क्लाऊडवर तो असतो. वाळूजच्या एखाद्या कारखान्यात स्वतःच्या सर्व्हरवर क्लस्टर असेल तर मेटलएलबीसारखं काही बसवेपर्यंत बाहेरचा आयपी ‘पेंडिंग’च दिसत राहतो. तोवर नोडपोर्ट आहे, म्हणजे प्रत्येक नोडवर उघडणारा पोर्ट, ३०००० ते ३२७६७ मधला.

मागच्या महिन्यात जालन्याहून एका पोराचा रात्री दीड वाजता फोन आला. ‘भैया, सर्व्हिस डाऊन झाली. दोनदा डिलीट करून परत बनवली, कोअरडीएनएस रिस्टार्ट केलं, तरी कनेक्शन रिफ्यूज्ड.’ तो त्या मधल्या सर्व्हरला शोधत होता. मी म्हटलं, बाळा, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आधी एंडपॉइंटस्लाइस, म्हणजे सर्व्हिसमागच्या पॉडची यादी, बघ. त्यानं बघितलं. यादी रिकामी होती. मग सर्व्हिसचा सिलेक्टर (कुठल्या लेबलचे पॉड घ्यायचे ते) आणि पॉडचं लेबल शेजारी शेजारी ठेवून वाचायला सांगितलं. एकात ‘पावती’च्या स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ होता, दुसऱ्यात दोन. त्यानं सर्व्हिसमधलं अक्षर सुधारलं, कमांड परत चालवली, आणि फोनवरच एकेक करून तिन्ही पॉडचे आयपी मला वाचून दाखवले.